सुईच्या आधीचा एक तास

नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांची घाऊक दुकानं एकाला एक लागून आहेत. त्यांतल्या एका दुकानात मी एकवीस वर्षं हिशेबाचं काम केलं. शिक्षण बी. कॉम., तेही नोकरी करता करता बाहेरून बसून. औषधशास्त्राशी माझा संबंध इतकाच, की दिवसभर जी नावं बिलांवर लिहायची, ती कुठून आली, ती वस्तू पहिल्यांदा कुणाच्या हाताला लागली, हे रात्री वाचल्याशिवाय मला चैन पडत नसे. अशा वाचनाच्या बावीस वह्या घरात आहेत. त्यांतली एक अख्खी वही एकाच मलमावर आहे. ही हकीकत त्या वहीची.

मलम पांढरं, वास नाही, पाच ग्रॅमच्या आणि तीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये येणारं. आत लिडोकेन अडीच टक्के आणि प्रिलोकेन अडीच टक्के. आपल्याकडे ‘प्रिलॉक्स’ या नावानं ते बऱ्याच जणांना माहीत आहे; परदेशात त्याचं मूळ नाव ‘एम्ला’. सुई टोचण्याआधी कातडीला लावायचं, की तेवढी जागा बधिर होते. आमच्या दुकानातून ते कोण मागवत असे? त्वचारोगवाले, लेसरनं केस काढणारे, चेहऱ्यावरचे वांग-तीळ घालवणारे. पुढे पुढे कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे टॅटूची दुकानं निघाली, त्यांची माणसं रिटेलवाल्यांकडे हेच मागू लागली. मुलांच्या दवाखान्यांची मागणी मात्र माझ्या खतावणीत बोटांवर मोजण्याइतकी. हौसेनं टोचून घेणाऱ्यांना मलम आणि इलाज म्हणून टोचून घ्यावं लागणाऱ्यांना नाही, हा हिशेब तेव्हाही मला खटकला होता. पण तेव्हा तो परक्यांचा हिशेब होता.

माझ्या भाचीचा मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याला थॅलेसेमिया मेजर असल्याचं कळलं. या आजारात शरीर नीट हिमोग्लोबिन बनवू शकत नाही. दर दोन ते पाच आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवावं लागतं, आणि ते जन्मभर. आमच्या नातवाची पाळी तीन आठवड्यांची. म्हणजे वर्षाला सतरा वेळा. पहिल्या वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत धरलं तर दीडशेच्या वर. रक्त जुळवून पाहायला आधी नमुना काढतात, ती सुई वेगळी. शीर पहिल्या फटक्यात सापडली नाही तर दुसरी, तिसरी, त्या आणखी वेगळ्या. हिशेबाच्या बाईला हा आकडा मांडल्याशिवाय राहवेना, आणि मांडल्यावर झोप लागेना.

पोर पाच वर्षांचं असताना एकदा मी त्याच्याबरोबर गेले, पर्समध्ये ट्यूब घेऊन. बाकावर बसल्या बसल्या त्याच्या दोन्ही मनगटांच्या मागे मलम लावलं. लावलं म्हणजे व्हिक्स चोळतात तसं चोळून जिरवलं. ‘आता बघ, तुला काही कळणारसुद्धा नाही,’ असं ठणकावून सांगितलं. दहा-बारा मिनिटांत नंबर लागला. सुई आत गेली आणि तो किंचाळला. रोज किंचाळतो त्याहून जास्त, कारण आज त्याला वचन दिलेलं होतं. सिस्टर म्हणाल्या, ‘‘अहो आजी, ह्या मलमा-बिलमानं काही होत नसतं. रडणारच मूल. एका मिनिटाचं काम आहे.’’ परतताना रिक्षात तो माझ्या मांडीवर बसला नाही. आईला म्हणाला, ‘‘मावशीआजी खोटं बोलली.’’

मराठीत ‘भूल’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोहिनी, आणि ऑपरेशनच्या आधी देतात तीही भूलच. त्या दिवशी पहिला अर्थ तेवढा माझ्या वाट्याला आला. मलम खोटं नव्हतं. मी ते चुकीचं वापरलं होतं. का, हे शोधायला मी वही काढली.

पहिली गोष्ट कातडीची. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पंधरा-वीस पापुद्रे एकावर एक, मध्ये चरबीचा गिलावा. सगळा मिळून केसाच्या जाडीपेक्षाही पातळ, पण पहाऱ्याला पक्का. पाणी बाहेर जाऊ देत नाही, बाहेरचं काही आत येऊ देत नाही. वेदना कळवणारे मज्जातंतू या थराच्या खाली. तिथवर औषध पोचलं तरच काम होणार. तोंडात, नाकात, डोळ्यात हा कोरडा थर नाही. म्हणून तिथं बधिर करणारं औषध नुसतं थेंबानं, बोळ्यानं लावून भागतं.

इतिहासही याच वाटेनं गेला. कोकाच्या पानांतून कोकेन वेगळं काढलं ते जर्मनीत आल्बर्ट नीमान यानं, १८६० मध्ये. जिभेवर ठेवल्यावर जीभ बधिर होते, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं. पण त्याचा उपयोग कशाला होईल हे सुचायला चोवीस वर्षं लागली. १८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनचे थेंब बेडकाच्या डोळ्यात घातले, मग स्वतःच्या, आणि टाचणीच्या डोक्यानं बुबुळाला स्पर्श करून पाहिला. काही कळलं नाही. जागेपणी डोळ्याचं ऑपरेशन शक्य झालं ते तिथून. कोकेनची चटक लागते, जीवही जातो, हे लवकरच दिसलं. मग १९०५ च्या सुमाराला प्रोकेन आलं. दाताच्या डॉक्टरांकडे ज्याला जुने लोक ‘नोव्होकेन’ म्हणत ते हेच.

लिडोकेनची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती जवाच्या शेतात सुरू होते. स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात काही रसायनतज्ज्ञ जवाच्या रोपांतल्या एका द्रव्यावर काम करत होते. ते द्रव्य प्रयोगशाळेत बनवताना चुकून त्याचा भाऊबंद तयार झाला. होल्गर एर्ट्‌मान यांनी तो चाखला आणि त्यांचे ओठ-जीभ बधिर झाले. त्या काळचे रसायनवाले सगळं चाखून पाहत. आज कोणी असं केलं तर नोकरी जाईल. त्या धाग्यावरून निल्स ल्योफग्रेन यांनी वर्षानुवर्षं एकेक पदार्थ बनवला आणि १९४३ मध्ये ल्योफग्रेन व त्यांचा विद्यार्थी बेंग्ट लुंडक्विस्ट यांच्या हाती लिडोकेन लागलं. लुंडक्विस्टनं ते स्वतःच्या अंगात टोचून पाहिलं. १९४८ मध्ये ‘झायलोकेन’ या नावानं ते बाजारात आलं. दाढ काढलेल्या, टाके घातलेल्या कोणत्याही मराठी माणसाला हे नाव ठाऊक आहे.

पण एक गाठ सुटत नव्हती. धडधाकट कातडीतून हे औषध आत जात नव्हतं. म्हणजे जागा बधिर करायची तर सुईनंच औषध आत सोडायचं. टाके घालायचे असतील तर ठीक. पण ज्याला मुळात एकच सुई टोचायची आहे, त्याला सुईचं दुःख टळावं म्हणून आधी दुसरी सुई? कोलरपासून जवळजवळ शंभर वर्षं हे असंच चाललं.

इथं एक सांगून ठेवते. दवाखान्यात ‘झायलोकेन जेली’ची ट्यूब बहुधा असतेच. लघवीची नळी घालताना ती वापरतात. पुष्कळ आयाबाया, आणि खरं सांगायचं तर काही दवाखान्यांतली माणसंही, तीच जेली मुलाच्या हाताला लावतात. ती ओल्या, मऊ त्वचेसाठी आहे. तिच्यातलं लिडोकेन क्षाराच्या रूपात, पाण्यात विरघळलेलं असतं. चरबीच्या गिलाव्यातून ते पार होत नाही. हाताला गार लागतं, तेवढंच.

मग आत जाणारं लिडोकेन कसं करायचं? क्षार नको, शुद्ध रूप हवं. पण शुद्ध लिडोकेन हा खडा असतो, ६८ अंशांच्या आसपास वितळणारा. तेलात विरघळवलं तर तेलातच रमतं, कातडीत उतरत नाही. याचं उत्तर सापडलं ते आपल्या आजीच्या फडताळात ठेवल्यासारखं होतं. अमृतधारा आठवा. कापूर कोरडा, ओव्याचं फूल कोरडं, पेपरमिंटचं फूल कोरडं. तिन्ही एका बाटलीत घालून हलवा, थोड्या वेळात बाटलीत पाणी झालेलं दिसतं. कोणी पाणी घातलेलं नाही, तापवलेलं नाही. दोन वेगळ्या जातीचे खडे एकत्र आले की एकमेकांना नीट रांगेत बसू देत नाहीत; त्यामुळे मिश्रण दोघांच्याही वितळण्याच्या अंशाच्या कितीतरी खाली वितळतं. पॉटचं आइस्क्रीम करताना बर्फात मीठ टाकतो, तिथंही हीच युक्ती.

लिडोकेन ६८ अंशांना वितळतं, त्याचा चुलतभाऊ प्रिलोकेन ३८ च्या आसपास. दोघं समसमान मिसळले तर मिश्रण १८ अंशांनाच तेल होतं. म्हणजे निफाडची जानेवारीतली पहाट सोडली तर आपल्या घरात ते पातळच राहणार. हे तेल पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात घोळवलं की मलम तयार. गंमत अशी, की ट्यूबवर जरी दोन्ही मिळून पाच टक्के लिहिलेलं असलं, तरी त्या प्रत्येक थेंबाच्या आत औषध ऐंशी टक्क्यांच्या घरात असतं. कातडीशी गाठ पडते ती त्या थेंबाची. स्वीडनच्याच अस्त्रा कंपनीत हे काम झालं आणि १९८० च्या दशकात मलम तिकडे वापरात आलं. अमेरिकेत १९९२ च्या अखेरीस त्याला परवानगी मिळाली.

आता माझी चूक. हे थेंब कातडीत हळूहळू झिरपतात. कमीत कमी एक तास. तासाभरात बधिरपणा साधारण तीन मिलिमीटर खोल पोचतो, दोन तासांत पाचच्या आसपास. मी दिले होते बारा मिनिटं. दुसरं, चोळायचं नाही. पोळीवर साय जाड पसरावी तसा थर ठेवायचा. दहा चौरस सेंटीमीटरला, म्हणजे मोठ्या पेढ्याएवढ्या जागेला, एक ते दीड ग्रॅम. तिसरं, वर पारदर्शक चिकटपट्टी लावून झाकायचं. झाकल्यानं खालची कातडी ओलसर होते आणि वाट सुटते. मी चोळून जिरवलं आणि उघडं ठेवलं. म्हणजे एकही गोष्ट बरोबर केली नव्हती. तासानंतर पट्टी काढायची, मलम पुसायचं आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. पुढे तास-दोन तास जागा बधिर राहते.

थांबायचं कशासाठी, हे एका बालरोगतज्ज्ञांनी मला समजावलं. मलमानं आधी खालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जागा फिकट पडते, शीर बुजते. मग सिस्टरला शीर सापडत नाही आणि मुलाला बधिर जागेत का होईना चार वेळा टोचलं जातं. ‘‘आम्ही मलम टाळतो ते निर्दयपणानं नाही, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘तासभर आधी कोणी येत नाही. खाट अडते. आणि मूल सुकलेलं, धापा टाकणारं असलं तर मी तास मोजत बसू का?’’ त्यांचं हे शेवटचं म्हणणं मी वहीत चौकट करून ठेवलं आहे. जिथं वेळ म्हणजे जीव, तिथं हे मलम नाहीच.

मूल रडणारच, या वाक्याचाही एक इतिहास आहे, आणि तो वाचताना माझे हात गार पडले होते. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतसुद्धा कोवळ्या अर्भकांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता होत. नवजात बाळाचे मज्जातंतू अपुरे, त्याला वेदना तितकीशी कळत नाही, कळली तरी लक्षात राहत नाही, असा समज होता. आणि भूल त्याला झेपणार नाही ही भीती. हा समज मोडण्यात मोठा वाटा कन्वलजीत सिंग आनंद यांचा. हे इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, पुढे ऑक्सफर्डला गेले. ऑपरेशनहून परत येणारी अपुऱ्या दिवसांची बाळं इतकी खचलेली का असतात, हा त्यांना पडलेला साधा प्रश्न. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांना हालू न देणारं औषध दिलेलं असे, वेदना थांबवणारं जवळजवळ नाही. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास आला: ज्या बाळांना फेंटानिल हे वेदनाशामक जोडीला दिलं, त्यांच्या रक्तातली ताणाची द्रव्यं कमी वाढली आणि नंतरचे त्रासही कमी झाले.

लक्षात राहत नाही, हेही खरं नव्हतं. कॅनडातल्या ॲना टॅडिओ यांनी १९९७ मध्ये सुंता झालेल्या मुलांच्या लसीकरणाच्या वेळच्या वागण्याचा अभ्यास मांडला. ज्यांची सुंता भुलीशिवाय झाली होती, ती मुलं महिन्यांनंतर सुई टोचताना जास्त कळवळत होती. ज्यांना आधी हेच मलम लावलं होतं, त्यांची कळ त्यांच्यापेक्षा कमी दिसली. बाळाला आठवत नसेल, अंगाला आठवतं. अमेरिकेतले एक डॉक्टर, जेम्स हॅमिल्टन, यांनी १९९५ मध्ये सुईच्या भीतीवर लिहिताना अंदाज केला होता, की निदान दहा टक्के लोकांना ती इतकी असते की ते इलाजच टाळतात. माझ्या वडिलांचं मधुमेहाचं रक्त तपासायला जाणं आठवलं. दरवेळी ‘पुढच्या सोमवारी’.

आपल्याकडे या बाबतीत काहीच नव्हतं असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान टोचण्याचा एक अध्याय आहे. मूल सहा-सात महिन्यांचं झालं की त्याला दाईच्या मांडीवर बसवायचं, खेळण्यांनी त्याचं मन रमवायचं, कानाची पाळी ताणून धरायची, उन्हात पाळीच्या आरपार जिथं उजेड दिसतो ती जागा निवडायची आणि एका झटक्यात टोचायचं. पुढच्याच अध्यायात शस्त्रकर्माआधी पिणाऱ्या माणसाला तीक्ष्ण मद्य द्यावं, म्हणजे शस्त्र जाणवणार नाही, असं सांगितलं आहे. मोठ्याला मद्य आणि मुलाला खेळणं. या खेळण्याला मी हसत असे. आता हसत नाही. भुलवणं हीसुद्धा भूलच, आणि आजचे अभ्यासही सांगतात, की लक्ष दुसरीकडे वळलं की मुलांना सुई कमी लागते.

सोनारानंच कान टोचावेत, असं आपण म्हणतो ते शिस्त लावण्याच्या संदर्भात. पण नाशिकच्या सराफ बाजारात एखाद्या जुन्या सोनाराला बारशाच्या बाळाचे कान टोचताना बघा. हातात सोन्याची तार, बाळ आजीच्या मांडीवर, सोनार बाळाशी काहीतरी बडबडतोय, आणि आईला कळायच्या आत पहिला कान झालेलासुद्धा. म्हणीत सोनाराचा अधिकार आला, त्याची हातोटी राहून गेली.

हे सगळं एवढं स्पष्ट असताना सरकारी लसीकरणात मलम का नाही, असा प्रश्न मलाही पडला. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०१५ मध्ये लस टोचताना वेदना कमी करण्याबद्दल आपली भूमिका प्रसिद्ध केली. तीत म्हटलं आहे: बाळाला मांडीवर घ्या, टोचताना किंवा जरा आधी अंगावर पाजा, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहू नका, एकाहून जास्त लसी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी द्या. मलमाचा उपयोग होतो हे मान्य, पण खर्च, उपलब्धता आणि लागणारा वेळ यांमुळे देशोदेशीच्या कार्यक्रमांसाठी त्याची शिफारस नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. नंतर एका आरोग्य उपकेंद्रात सकाळभर बसले. दीड महिन्याच्या बाळाला आता एका फेरीत तीन सुया असतात, दोन मांड्यांना आणि एक दंडाला. समोर पंचवीस-तीस आया, एक सिस्टर, एक आशाताई, बर्फाच्या डब्यातल्या लसी. प्रत्येक बाळाच्या तीन जागी तासभर आधी मलम लावून पट्ट्या लावायच्या म्हटलं तर दुपार उलटेल, आणि कंटाळून परत गेलेली एक आई म्हणजे लस न मिळालेलं एक मूल. तिथं पाजणं हेच खरं मलम आहे, आणि ते फुकट आहे. तरी त्या सकाळी मी पाहिलं, की बहुतेक बाळांना टोचून झाल्यावर पदराखाली घेतलं जात होतं. क्रम जरा बदलायला हवा, इतकंच.

पण हा न्याय थॅलेसेमियाच्या मुलाला लावायचा का? त्याची तारीख तीन आठवडे आधी ठरलेली असते. तो अचानक येत नाही. त्याला आयुष्यभर येत राहायचं आहे. एका लसीसाठी जे परवडत नाही ते दीडशे सुयांसाठीही परवडत नाही, असं कसं म्हणता येईल? नियम एका गर्दीसाठी केलेला असतो आणि सवयीनं दुसऱ्या गर्दीला लागू होतो. माझं भांडण आहे ते या सवयीशी.

भांडायच्या आधी मलमाचे धोकेही मी वाचले, ते इथं लिहायलाच हवेत. प्रिलोकेनचं शरीरात विघटन होताना जे द्रव्य निघतं, त्यानं हिमोग्लोबिनचं रूप पालटू शकतं. ते प्राणवायू नीट वाहून नेईनासं होतं आणि ओठ-नखं निळसर पडतात. लहान बाळात ही शक्यता जास्त. म्हणून मात्रेला कुंपण आहे. तीन महिन्यांच्या आतल्या किंवा पाच किलोखालच्या बाळाला सगळं मिळून एक ग्रॅम, तेही एकच तास. वर्षाच्या आतल्या, पाच किलोवरच्या बाळाला दोन ग्रॅम. एक ते सहा वर्षांच्या, दहा किलोवरच्या मुलाला जास्तीत जास्त दहा ग्रॅम. जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य काहींच्या रक्तात जन्मतः कमी असतं, आपल्या काही समाजांत आणि आदिवासी भागांतही. त्यांनी जपायला हवं. कुष्ठरोगासाठी डॅप्सोन घेणाऱ्यांनी, सल्फाची औषधं चालू असलेल्या तान्ह्या बाळांच्या आयांनी डॉक्टरांना आधी सांगायला हवं. खरजेनं, इसबानं फाटलेल्या कातडीतून औषध भराभर आत जातं. डोळ्याजवळ तर नाहीच. आमच्या नातवाच्या बाबतीत मी आधी त्याच्या डॉक्टरांकडून लेखी मात्रा घेतली, मगच दुसऱ्यांदा ट्यूब उघडली. शेजारणीच्या सांगण्यावरून लावायची ही वस्तू नाही. माझ्याही सांगण्यावरून नाही.

मोठ्यांना वाटतं आपल्याला काय होणार. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २००७ मध्ये एक इशारा काढला. बावीस आणि पंचवीस वर्षांच्या दोन मुली लेसरनं केस काढायला जाण्याआधी पायांना बधिर करणारं मलम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून निघाल्या होत्या. मलमं दुकानात घोटून दिलेली, नेहमीपेक्षा कितीतरी कडक. दोघींना झटके आले, शुद्ध गेली, दोघी वाचल्या नाहीत. हे वाचल्यावर मला आमच्या खतावणीतल्या त्या तीस ग्रॅमच्या ट्यूब आठवल्या. पेढ्याएवढ्या जागेसाठी केलेली वस्तू अख्ख्या पायाला लावली की हिशेबच बदलतो.

आता आमच्या घरचं. तासाचा प्रश्न आम्ही दवाखान्यात सोडवलाच नाही, घरी सोडवला. रक्त चढवून झाल्यावर सुई काढताना सिस्टर पुढच्या वेळच्या दोन चांगल्या शिरा सांगतात. भाची त्या बॉलपेननं गोल करून मोबाइलवर फोटो काढून ठेवते. रक्ताच्या दिवशी सकाळी सातला, दूध-पोळी चालू असताना, त्या दोन जागी मलम आणि पट्टी. वर मोजा घालायचा, नाहीतर पोर पट्टी उचकटून बघतं. सव्वासातला घर सोडायचं, सिटीबसनं किंवा रिक्षानं पोचून नाव लिहून बाकावर बसेपर्यंत तास होतोच. पट्टी निघते, मलम पुसलं जातं, गरम पाण्याची पिशवी दोन मिनिटं हातावर, म्हणजे आकसलेली शीर वर येते. दवाखान्याचं एक मिनिटही जास्त जात नाही.

पहिल्या वेळी ज्या सिस्टर मला बोलल्या होत्या, त्यांनीच चौथ्या-पाचव्या खेपेला विचारलं, ‘‘आजी, कुठलं मलम म्हणालात?’’ मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, आणि खाली ‘चोळू नये’ असं दोनदा.

नातवाचा विश्वास मात्र मलमाइतका लवकर बसला नाही. दोन-तीन खेपा तो सुई लागली नाही तरी रडला, सवयीनं. मी त्याला पुन्हा कधी ‘कळणार नाही’ असं म्हटलं नाही. ‘दाबल्यासारखं वाटेल, टोचल्यासारखं वाटणार नाही’ असं सांगते, कारण तेवढंच खरं आहे. आता तो आठ वर्षांचा आहे. पट्टी काढली की स्वतःच नखानं टिचकी मारून बघतो आणि जाहीर करतो, ‘‘हा झोपला.’’ गेल्या महिन्यात दोन्ही हातांच्या झोपलेल्या जागी शीर मिळाली नाही. सिस्टरनी कोपराच्या आतली बाजू पाहिली. तिथं मलम नव्हतं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

‘‘इथे जागं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही मोठ्यानं तीनपर्यंत मोजा. आणि तीनलाच टोचा, दोनला नाही.’’

त्यांनी तीनलाच टोचलं.